दमसास मोजायची गोष्ट

तालमीत वस्ताद पोराचा दमसास नजरेनंच जोखतो. बैठका संपल्यावर पोरगं तोंडानं श्वास ओढतंय का, चार शब्द सलग बोलतंय का, एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. आज कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरणाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ तेच आकड्यात सांगतं: व्हीओटू मॅक्स ३८, म्हणजे पुरता जोर लावल्यावर शरीर किलोमागं मिनिटाला जास्तीत जास्त ३८ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. जिमवाला वर बीएमआर म्हणजे विश्रांतीतल्या कॅलरींच्या खर्चाचा आकडाही देतो. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, शरीरानं ऑक्सिजन किती वापरला?

सुरुवात मात्र तराजूनं झाली. इटलीतल्या पादुआचा वैद्य सँटोरिओ वर्षानुवर्षं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं, खाल्ल्या-प्यालेल्याचं आणि मलमूत्राचं वजन करत राहिला. हिशेब जुळेना, बरंच वजन दिसेनासं व्हायचं. हे त्यानं १६१४ साली छापलं. त्यातली श्वासाची बाजू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेनं उलगडली. १७९०च्या सुमारास त्यानं आपला सहकारी सेगँ याला मुखवटा लावून मोजलं, तर जेवणानंतर, थंडीत आणि कष्ट करताना ऑक्सिजनचा खप वाढलेला दिसला. चारच वर्षांनी क्रांतीनं लाव्हाझियेचं डोकं उडवलं.

खरी सोय झाली ती पिशवीनं. १९११ साली ऑक्सफर्डच्या डग्लसनं पाठीवर बांधायची हवाबंद पिशवी वापरात आणली. (इकडं कुस्त्यांचं खासबाग मैदान पुरं झालं ते १९१२ साली.) हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के, सोडलेल्या श्वासात १६-१७. पिशवीत किती हवा जमली आणि त्यात ऑक्सिजन किती उरला, हे कळलं की वापर निघतो. एक लिटर ऑक्सिजनमागं साधारण ५ कॅलरी खर्च होतात. ७० किलोचा माणूस निवांत पडून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन घेतो, म्हणजे दिवसाला सतराशे-अठराशेच्या घरात कॅलरी नुसतं जगण्यात जातात.

हीच पिशवी पाठीवर बांधून ए. व्ही. हिल हा नोबेलविजेता गवताच्या धावपट्टीवर स्वतः पळाला. वेग वाढवत गेलं तरी ऑक्सिजनचा वापर मिनिटाला ४ लिटरच्या आसपास येऊन अडायचा. १९२३ साली हिल आणि लप्टननं मांडलेली ही अडलेली रेघ म्हणजेच व्हीओटू मॅक्स. पुढं १९६८ साली अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर कूपर यांनी पिशवीची कटकटच काढून टाकली: १२ मिनिटं पळा आणि अंतर मोजा. २४०० मीटर झाले तर घड्याळातल्या मापानं आकडा ४२च्या जवळपास.

बीएमआरची गोष्ट जरा वाकडी गेली. तो मोजायचा तर रात्रभर उपाशी राहून सकाळी हालचाल न करता पडून राहायचं. पूर्वी डॉक्टर थायरॉईडचं निदान करायला तो मोजत. रक्ताच्या तपासण्या आल्या आणि ते मागं पडलं. सगळ्यांना पडून राहणं जमत नाही, म्हणून सूत्रं आली. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं १९१९चं सूत्र १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ तान्ह्या बाळांवरून बेतलेलं, आणि ते सगळे अमेरिकेतले. तीस वर्षांचा, १७० सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा पुरुष घ्या: या सूत्रानं सुमारे १६७५ कॅलरी, १९९०च्या मिफ्लिन सूत्रानं १६१७. माणूस तोच.

मद्रासच्या एका महिला कॉलेजात शिकवणाऱ्या एलेनॉर मेसन यांनी बेनेडिक्टबरोबर दक्षिण भारतीय स्त्रियांचं मापन केलं. १९३१च्या त्यांच्या निबंधात आकडे अमेरिकी मापापेक्षा स्पष्ट कमी आले. पुढं १९८५च्या जागतिक सूत्राचा आकडाही आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) भारतीयांसाठी ५ टक्क्यांनी खाली धरला. जिमच्या मशीनमध्ये कुठलं सूत्र भरलंय, हे एकदा विचारून बघा. समोरचा बहुधा मशीनकडंच बघेल.

आमच्याकडं हा हिशेब वेगळ्या वाटेनं सगळ्यांना ठाऊक आहे. मैदान सुटलेला पैलवान गल्लोगल्ली दिसतो. जोर-बैठका थांबल्या, पण दूध, तूप, बदाम आणि रविवारचं मटण थांबलं नाही. पिशवी बांधून मोजलं तर त्याचा विश्रांतीतला आकडा फारसा घसरलेला नसेलही. गेले ते दिवसाचे चार तास. पोट त्या चार तासांचं आहे.