रस्ते आणि वन्य सस्तन प्राण्यांचे वर्तन

जंगलातून रस्ता गेल्यावर तेथील सस्तन प्राण्यांच्या वावरात, चरण्याच्या व शिकारीच्या वेळांत, सावधपणात आणि हद्दींत होणारे बदल. रस्त्यांचा निसर्गावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या रस्ता-परिस्थितिकी या शाखेचा हा एक भाग आहे. रस्त्यावर मेलेली जनावरे मोजता येतात, म्हणून चर्चा बहुधा त्या आकड्यांपाशीच थांबते. कडेला येऊन, क्षणभर थबकून माघारी गेलेले जनावर मात्र कोणत्याच नोंदवहीत येत नाही. अनेक जातींच्या बाबतीत खरा परिणाम तोच असतो. तुफान वर्दळीच्या महामार्गावर मृत प्राणी कमी सापडले, तर त्याचा अर्थ प्राण्यांनी तिकडे फिरकणेच सोडले असाही असू शकतो.

जनावराच्या लेखी रस्ता ही एक वस्तू नसते. पालापाचोळा नसलेली कडक, उघडी पट्टी, झाडे तोडल्यामुळे आत शिरलेला उजेड, सततची घरघर, दिव्यांचे झोत, अंगावर येणारी वाहने, आणि त्या वाहनांतून उतरणारी माणसे असे त्याचे अनेक चेहरे आहेत. कोणता प्राणी यांपैकी कशाला बुजतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

लहान प्राण्यांना उघडी पट्टीच नको असते. कॅनडात झालेल्या आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की दोन्ही बाजूंच्या झाडीमधले अंतर २० मीटरांहून अधिक झाले, तर लहान वनचर सस्तन प्राणी सहसा पलीकडे जायला धजत नाहीत. मध्ये दुभाजक असलेला आणि एकूण ९० मीटर किंवा अधिक मोकळी जागा घेणारा महामार्ग त्यांना दुप्पट रुंदीच्या जलाशयाइतका अडवतो, असा अंदाज त्यात मांडला होता. त्याच देशातील २००८ सालचा प्रयोग अधिक बोलका आहे. उंदीर आणि चिपमंक (जमिनीवर वावरणारी खारीची एक जात) पकडून रस्त्यांपलीकडे सोडले आणि त्यांपैकी किती घरी परततात ते पाहिले. वाटेतला प्रत्येक रस्ता परतण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटवत होता. रहदारी कमी की जास्त, याने फरक पडत नव्हता. म्हणजे मध्यरात्रीचा रिकामा रस्ताही उंदराला रस्ताच वाटतो. वाहने रोखून हा प्रश्न सुटत नाही.

झाडांवरच राहणाऱ्या शेकरू, गिबन (फांद्यांना लोंबकळत फिरणारे वानर) यांसारख्या प्राण्यांचे गणित फांद्यांचे आहे. वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तोवर खालचा रस्ता त्यांना जाणवतही नाही. त्या तुटल्या की अरुंद रस्ताही पुरतो. ऑस्ट्रेलियातील ग्लायडर (उडत्या खारींसारखे हवेत तरंगत जाणारे प्राणी) झाड जितके उंच तितके लांब झेपावतात. त्यामुळे दुभाजकात उंच झाडे राखली, तर ते रुंद महामार्गही दोन झेपांत पार करतात.

मोठ्या प्राण्यांना धास्ती असते ती मुख्यतः माणसाची. काँगो खोऱ्यात रेडिओ कॉलर लावलेल्या २८ वनहत्तींपैकी एकानेच संरक्षित क्षेत्राबाहेरचा रस्ता ओलांडला, आणि तोही आपल्या नेहमीच्या चालीच्या १४ पट वेगाने. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. डांबराला घाबरून हत्ती असा धावत नाही. त्या भागात रस्ता म्हणजे बंदूकधारी शिकाऱ्यांची ये-जा. रशियाच्या अतिपूर्व भागातील अमूर वाघांवरील अभ्यासातही, माणसांचा व्यत्यय आला की वाघ शिकार अर्धवट टाकून जातात आणि त्यांच्या पोटात कमी मांस जाते, असे आढळले. येथे वाघाला कोणी धक्काही लावलेला नसतो, तरी त्याचा एक दिवसाचा कष्टाचा घास जातो.

जागा सोडता येत नसेल, तर प्राणी वेळ बदलतात. माणसाच्या निरनिराळ्या प्रकारच्या वावराचा ६२ जातींवर झालेला परिणाम तपासणाऱ्या २०१८ सालच्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट झाल्याचे दिसले. कॅनडातील ग्रिझली अस्वले दिवसा रस्त्यालगतची जवळपास १०० मीटरांची पट्टी टाळतात, पण रात्री तेथे येतात. मलेशियात आशियाई हत्तींनीही रस्ता बहुतांशी रात्रीच ओलांडला. म्हणूनच रात्रीच्या वाहतुकीवरील निर्बंधांना वर्तनशास्त्राचा आधार मिळतो. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ अशी बंदी आहे.

आवाजाचा परिणाम वटवाघळांत नेमका मोजला गेला आहे. युरोपातील मोठे मूषककर्णी वटवाघूळ जमिनीवरून सरपटणाऱ्या भुंगेऱ्यांची खसखस ऐकून त्यांना टिपते. रहदारीचे ध्वनिमुद्रण ऐकवले असता त्याला भक्ष्य शोधायला जास्त वेळ लागला आणि ते कमी वेळा सापडले. हवेतल्या किड्यांना प्रतिध्वनीने हेरणाऱ्या जातींना हाच आवाज भक्ष्य ऐकण्याच्या इतका थेट आड येत नाही, असे मानले जाते.

वाहन समोर आल्यावर काय होते, त्यावरून प्राण्यांचे ढोबळ चार गट पाडतात: दखलच न घेणारे, थांबणारे, पळणारे आणि मुळातच दूर राहणारे. यातला दुसरा गट सर्वांत दुर्दैवी. खवल्या मांजर धोका दिसताच अंगाचे वेटोळे करते, साळिंदर काटे फुलवून उभे ठाकते. वाघ-बिबट्यांपुढे हजारो पिढ्या कामी आलेली ही युक्ती चाकांपुढे थेट मरणाला निमंत्रण देते. हरणांसारख्या पळणाऱ्यांना तुरळक रहदारीत फट सापडते, वाढत्या रहदारीत सापडत नाही.

सगळेच रस्त्यापासून पळतात असे मात्र नाही. काठाच्या उजेडात कोवळे गवत वाढते आणि हरणे, हत्ती तेथे चरायला येतात. थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ कडेच्या डबक्यांत साचते, ते चाटायला मूस हरणे जमतात. कॅनडातील लांडगे तर जंगलात आखलेल्या मोकळ्या पट्ट्यांवरून दाट झाडीतल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने प्रवास करतात. त्याची किंमत त्यांचे भक्ष्य असलेली तेथील कॅरिबू हरणे मोजतात. सर्वांत चक्रावणारे उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन परिसरातले आहे. तेथे गाभण मूस माद्या दहा वर्षांच्या काळात विण्यासाठी हळूहळू पक्क्या रस्त्यांच्या जवळ सरकल्या. वासरे मारणारी अस्वले रस्ते टाळतात, हे त्यामागचे कारण मानले जाते. एकाची भीती दुसऱ्याला आडोसा झाली.

रस्ता ओलांडला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वर्दळीच्या महामार्गाकाठी बॉबकॅट (रानमांजराची एक जात) आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) यांच्या हद्दी एकमेकींवर दाटीने रचल्यासारख्या झाल्या होत्या. काही प्राणी पलीकडे जात, पण तेथे आधीच हद्दी ठरलेल्या असल्याने त्यांना क्वचितच वीण साधता येई. दोन्ही बाजूंच्या समूहांत जनुकीय अंतर पडले होते. नुसती ओलांडण्याची संख्या मोजणाऱ्या अहवालांतून ही गोष्ट निसटते.

उपाय म्हणून कुंपण आणि त्याला जोडून भुयारी मार्ग किंवा झाडी लावलेले पूल बांधतात. नुसते कुंपण हा मात्र उपाय नव्हे, ती दुसरी भिंत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या महाराष्ट्रातील पट्ट्यात उंचावलेल्या रस्त्याखाली अशा ९ वाटा ठेवल्या असून त्यांतून वाघासह अनेक जातींचे प्राणी ये-जा करतात. कॅनडाच्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात जातींच्या आवडीनिवडीही कळल्या आहेत: ग्रिझली, मूस आणि एल्क हरणे यांना रुंद, उघडे पूल पसंत, प्यूमा (मोठ्या मांजरांपैकी एक) आणि काळे अस्वल यांना अरुंद, झाकलेले बोगदे चालतात. तेथे ग्रिझलींना या वाटा अंगवळणी पडायला पाच वर्षांपर्यंतचा काळ लागला. पहिल्या एक-दोन वर्षांच्या नोंदींवरून निकाल दिला असता, तर तेच पूल फसलेले ठरले असते.