टर्बो पेट्रोल सोलापूरच्या उन्हात टिकत नाही म्हणे!

"टर्बो पेट्रोल घेऊ नका, आपल्या उन्हात इंजिन बसतं," हे सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतं. टर्बो पेट्रोल म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर जादा हवा कोंबणारा पंखा (टर्बो) लावलेलं पेट्रोल इंजिन. सांगणारा बहुतेक वेळा स्वतः डिझेल स्कॉर्पिओतून उतरलेला असतो. तिच्यातही टर्बोच आहे की, २००२ पासून!

भीती अगदीच हवेतली नाही. एक्झॉस्टच्या गरम वायूवर टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. जुन्या टर्बोंना थंडावा फक्त ऑइलचाच. गाडी पळवत आणून लगेच बंद केली की आतलं ऑइल जागीच जळून कोळसा व्हायचं. आताच्या पेट्रोल टर्बोंभोवती बहुधा कूलंटही फिरतं. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप घरघरत राहतो, आणि तो आवाज ऐकून लोक घाबरून मेकॅनिककडे धावतात.

उन्हाचं म्हणाल तर शेकडो अंशांच्या एक्झॉस्टपुढे ४३ अंशांची हवा किरकोळ. ताकद थोडी घटते, एवढंच.

घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. तुळजापूरच्या घाटात वरच्या गिअरमध्ये, १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून धरला तर इंधन ठिणगीआधीच पेटू शकतं, पिस्टनही फुटू शकतो. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये यावर खास उपाय आहे. म्हणून ऑइलमध्ये पैसे वाचवू नका, गिअर खाली घ्या. टर्बो पेट्रोल मायलेज कमी देतं ही तक्रार मात्र खरी, पाय जड असेल तर. आणि घरी पोचल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बसायची गरज नाही. शेवटचा किलोमीटर सावकाश आणलीत तरी पुरे.