बीपी २२० वर गेलं, तर लगेच १२० वर आणायचं?

‘बीपी २२०/१३० झालं, तर शिरेतून औषध देऊन ते लगेच १२०/८० वर आणायलाच हवं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. काळजीपोटीच तो पुढे जातो, पण त्यातली घाई घातक आहे.

दीर्घकाळ जास्त दाब सोसलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याच पातळीला सरावलेल्या असतात. दाब एकदम पाडला की त्या पुरेशा सैलावत नाहीत, रक्तपुरवठा घटतो आणि पक्षाघात होऊ शकतो. म्हणून सर्वसाधारणपणे पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवत नाहीत. पुढच्या २ ते ६ तासांत १६०/१०० च्या आसपास, मग २४ ते ४८ तासांत नेहमीच्या पातळीकडे.

हिशेब करून पाहा. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश: १३० अधिक ३०, म्हणजे १६०. पहिल्या तासात ही सरासरी १२० च्या खाली जाऊ द्यायची नाही.

म्हणूनच निकार्डिपिन हे शिरेतून द्यायचं, दाब उतरवणारं औषध पंपावर तासाला ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, दर ५ ते १५ मिनिटांनी २.५ ने वाढवतात आणि १५ वर थांबतात. महाधमनीचा आतला थर फाटला असेल, तर मात्र वरचा आकडा तातडीने १२० च्या खाली आणतात. पक्षाघात, गरोदरपण यांची गणितं वेगळी. डॉक्टरांना ‘या तासाचं लक्ष्य किती?’ हे जरूर विचारा.