पायलट

पायलट : मूळ इंग्रजी, मराठीत केव्हाच रुळलेला शब्द. महाराष्ट्रात तो विमान चालवणाऱ्याला लावतात; गोव्यात मात्र पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे एका प्रवाशाला बसवून भाड्याने नेणारा. नवख्या पाहुण्याला ‘बस चुकली तर पायलट करून या’ असा निरोप मिळाला की तो गोंधळतोच.

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को येथे बसस्थानकाबाहेर, बाजाराच्या तोंडाशी या मोटारसायकली रांगेने उभ्या असतात. पुढचा पिवळा मडगार्ड आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांतला नंबर ही त्यांची खूण. धंदा रीतसर परवान्याचा आहे. शहरांत अ‍ॅपवरून बोलावण्याच्या बाइक टॅक्सी आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून तो गोव्यात चालू आहे, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. भाडे बसण्याआधीच ठरवून घेणे बरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतणाऱ्याची बॅग पेट्रोलच्या टाकीवर आडवी, मासळीची पिशवी हँडलला आणि गिऱ्हाईक मागे, अशी मांडणी पायलट सवयीने क्षणात करतो. बस मुख्य रस्त्यावर सोडते. तिथून आतल्या वाड्यापर्यंत रिक्षापेक्षा हेच वाहन सोयीचे. घराचा पत्ता नीट सांगता आला नाही तरी घराण्याचे नाव पुष्कळदा पुरते.

या शब्दाचा जुना अर्थ समुद्रावरचा, विमानाच्या कितीतरी आधीचा. त्याचे मूळ वल्हे किंवा सुकाणू या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेले जाते. पोर्तुगीजमध्ये तोच ‘पिलोतो’. 1498 मध्ये वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून कोळिकोडपर्यंत वाट दाखवणारा असाच एक पिलोतो होता. मुरगाव बंदरात हा अर्थ आजही रोजच्या कामाचा आहे. बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजावर बंदराचा पायलट होडीतून जातो, दोरीच्या शिडीने वर चढतो आणि कप्तानाला धक्क्यापर्यंतची वाट सांगतो. आपल्या पाण्यातले प्रवाह नि उथळ जागा ठाऊक असणे हीच त्याची विद्या. तो जहाजावर असेतो अर्धा पांढरा, अर्धा लाल बावटा फडकतो. जहाजाची जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते.

विमानाच्या पायलटला मराठीत ‘वैमानिक’ हा चांगला शब्द आहे, पण तो बोलण्यापेक्षा वर्तमानपत्रांतच अधिक दिसतो. गोव्यात नौदलाचे वैमानिक दाबोळीच्या विमानतळावर दिसतात, तर प्रवासी विमानांचे दाबोळी आणि (2023 पासून) मोपा या दोन्ही विमानतळांवर.

मंत्र्यांच्या ताफ्यापुढची पोलिसांची ‘पायलट गाडी’, गॅस गिझरमधली सतत तेवणारी लहान ज्योत आणि सरकारी कागदांतला ‘पायलट प्रोजेक्ट’ हे आणखी काही अर्थ. शेवटच्यासाठी ‘पथदर्शी प्रकल्प’ हा मराठी शब्द बरा वाटतो. काँग्रेसचे नेते राजेश पायलट यांनी तर हवाई दलातल्या नोकरीवरून हेच आडनाव लावले आणि ते पुढच्या पिढीतही चालले.