अमेरिकेत एसएलपीची मास्टर्स: कर्जाला कोण पात्र, कागदपत्रं कोणती आणि किती घ्यावं

अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट, म्हणजे तिथल्या बोलीत एसएलपी, व्हायचं तर मास्टर्सला पर्याय नाही. मास्टर्स, नंतरची क्लिनिकल फेलोशिप (देखरेखीखालची पहिली नोकरी), प्रॅक्सिस परीक्षा आणि राज्याचं लायसन्स अशी ही साखळी आहे. बहुतेक जण सोबत अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं सीसीसी प्रमाणपत्रही घेतात. त्यासाठी ४०० तासांचं क्लिनिकल काम (त्यातले २५ तास निरीक्षणाचे), प्रॅक्सिसमध्ये किमान १६२ गुण आणि पूर्णवेळ ३६ आठवड्यांची, एकूण किमान १,२६० तासांची फेलोशिप लागते. फेलोशिपमध्ये पगार मिळतो, पण तो सहसा अनुभवी माणसापेक्षा कमी असतो.

कर्जाचा विचार करताना एक गोष्ट आधी पक्की डोक्यात ठेवा. हे प्रमाणपत्र सगळ्यांना एकच मिळतं. सरकारी शाळांच्या पगाराच्या तक्त्यात सहसा एका बाजूला पदवी आणि दुसऱ्या बाजूला नोकरीची वर्षं असतात, विद्यापीठाचं नाव लिहायला त्यात जागाच नसते. त्यामुळे एमबीएला लावतो तो ‘मोठं नाव, मोठा पगार’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. अभ्यासक्रमाला सीएएची (याच असोसिएशनची अभ्यासक्रम तपासणारी परिषद) मान्यता आहे एवढं तपासा आणि मग बिनदिक्कत स्वस्तातलं निवडा. मान्यता उमेदवारी अवस्थेत असली तरी चालते.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. बहुतेक विद्यापीठं सीएसडीकॅस या सामाईक पोर्टलवरून अर्ज घेतात. गुणपत्रिका, शिफारसपत्रं आणि स्वतःचं निवेदन लागतं. भारतातली पदवी असेल तर गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मूळ पदवी दुसऱ्या विषयाची असेल तर आधी लेव्हलिंगचे, म्हणजे या क्षेत्राच्या पायाचे विषय पूर्ण करावे लागतात. हा खर्च लोक हमखास विसरतात, मग दोन वर्षांचं बजेट तीन वर्षांचं होतं.

सरकारी कर्ज: कुणाला आणि कसं

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज नागरिकांना, ग्रीनकार्डधारकांना आणि निर्वासितांसारख्या मोजक्या इतर गटांना मिळतं. एफ-१ (विद्यार्थी) आणि एच-४, एल-२ (नोकरदारांचे कुटुंबीय) या व्हिसावाल्यांना मिळत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत इथेच घोडं पेंड खातं. मुलगी न्यू जर्सीत बालवाडीपासून शिकलेली असते, पण आईवडिलांचं ग्रीनकार्ड रांगेत अडकलेलं. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतं, ती एफ-१ वर येते आणि कर्जाच्या बाबतीत पुण्याहून काल उतरलेल्या विद्यार्थिनीच्या ओळीत जाऊन उभी राहते. घरात अशी परिस्थिती असेल तर हा भाग सोडून पुढचा वाचा.

पात्र असाल तर स्टुडंटएडच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडून फाफ्सा, म्हणजे केंद्रीय मदतीचा अर्ज भरायचा. तो फुकट आहे, त्यामुळे पैसे घेऊन भरून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो आणि ग्रीनकार्ड असेल तर त्यावरचा ए-नंबर. करविवरणाची माहिती थेट आयआरएसकडून (तिथलं करखातं) घ्यायला संमती द्यावी लागते. ती दिली नाही तर अर्ज बाद धरा. मास्टर्सचा विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो, म्हणून आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. नाव मात्र सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तसंच्या तसं टाका. आपल्या लोकांची गाडी अडते ती इथे. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, कार्डवर ते गायब, लग्नानंतर आडनाव एका ठिकाणी बदललेलं आणि दुसरीकडे तसंच. जुळणी झाली नाही की अर्ज लटकतो. आधी कार्ड दुरुस्त करा, मग फाफ्साला हात घाला.

त्यानंतर विद्यापीठाकडून मदतीचं पत्र येतं. ते स्वीकारायचं, ऑनलाइन समुपदेशन पूर्ण करायचं आणि वचनचिठ्ठीवर सही करायची. किमान अर्धवेळ प्रवेश हवा. या ‘डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड’ कर्जाला पतइतिहास तपासत नाहीत, जामीनदारही लागत नाही.

मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर. पूर्वी उरलेला खर्च ‘ग्रॅड प्लस’ कर्जातून शेवटच्या डॉलरपर्यंत भागायचा. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते दार बंद केलं. आधीपासून त्या अभ्यासक्रमात असलेल्या आणि सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्यांना मर्यादित काळाची सवलत ठेवली आहे. नव्या नियमात ‘प्रोफेशनल’ पदव्यांना वर्षाला ५०,००० मिळतात, बाकीच्या मास्टर्सना २०,५०० आणि एकूण १ लाख. शिक्षण विभागाने २०२५ च्या अखेरीस प्रोफेशनलची जी व्याख्या पुढे आणली तिच्यात वैद्यकीय, दंतवैद्यक, कायदा, अगदी धर्मशास्त्रही आहे. एसएलपी नाही. लायसन्सशिवाय ज्या कामाला हात लावता येत नाही ते काम प्रोफेशनल नाही, हे तर्कट मला काही पटलेलं नाही, पण हिशेब त्यावरच करावा लागतो: दोन वर्षांचे ४१,०००, त्यावरचं तुमचं तुम्ही बघा.

मदतीचं पत्र हातात आलं की सावकाश वाचा. वर शिष्यवृत्ती, खाली कर्ज, दोन्ही ‘मदत’ या एकाच मथळ्याखाली, आणि तळाशी ‘तुम्हाला भरायची रक्कम’ म्हणून छोटासा आकडा. कर्जाची ओळ पेन्सिलने खोडा आणि पुन्हा बेरीज करा. क्लिनिकल प्लेसमेंटला जाण्यायेण्याचा, गाडीचा खर्चही स्वतःच धरा. शाळा एका गावात आणि रुग्णालय तिसऱ्याच ठिकाणी, हे नेहमीचं आहे. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (विभागातच काम करून मिळणारी मदत) आहे का ते विभागाला थेट ईमेल करून विचारा. काही विद्यापीठांकडे दिव्यांग मुलांच्या सेवेसाठीच्या केंद्रीय अनुदानातून शिष्यवृत्त्या असतात. तिथे मदतीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं त्या क्षेत्रात काम करण्याची अट असते, आणि ती न पाळल्यास पैसे परत करावे लागतात.

किती झेपेल

२०२५-२६ साठी या कर्जाचा व्याजदर ७.९४ टक्के होता. व्याज शिकत असतानाच चढायला लागतं, २०,५०० वर वर्षाला सुमारे १,६२८ डॉलर. दहा वर्षांत फेडायचं धरलं तर दर १०,००० डॉलरमागे महिना १२१ डॉलरच्या आसपास हप्ता बसतो. म्हणजे ४१,००० ला साधारण ४९६ आणि १ लाखाला १,२१०.

आता पगार. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये एसएलपींचं मध्यम वेतन वर्षाला ९५,४१० डॉलर होतं. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका, त्यात वीस वर्षं काम केलेलेही आहेत. तुम्हाला जिथे राहायचंय तिथल्या शालेय जिल्ह्याचा पगारतक्ता उघडा आणि पहिल्या पायरीचा आकडा बघा. माझा ठोकताळा साधा आहे: व्याजासकट सगळं कर्ज त्या पहिल्या पायरीच्या आत राहिलं पाहिजे. फार वर जात असेल तर विद्यापीठ बदला. वर्ष गेलं तरी चालेल.

१ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांना उत्पन्नावर आधारित परतफेडीची एकच योजना आहे, रॅप. उत्पन्नाप्रमाणे १ ते १० टक्के हप्ता, कमीत कमी महिना १० डॉलर. उदाहरणार्थ, समायोजित उत्पन्न ६५,००० असेल तर ६ टक्क्यांनी महिना ३२५. उरलेलं कर्ज ३० वर्षांनी माफ. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करून १२० हप्ते भरले की कर्जमाफीची वेगळी योजना आहे, पीएसएलएफ, आणि सरकारी शाळेतल्या एसएलपीला ती चपखल बसते. मेख एकच. अनेक जण शाळेत बसतात, पण पगार खासगी कंत्राटदार एजन्सी देते. अशी वर्षं मोजत नाहीत. नोकरी घेण्यापूर्वी डब्ल्यू-२ (पगार आणि कराचा वार्षिक दाखला) कुणाच्या नावाने येणार ते विचारा आणि त्या मालकाचा ईआयएन हा ओळखक्रमांक स्टुडंटएडच्या संकेतस्थळावर टाकून बघा. खासगी कर्जाला रॅप नाही, पीएसएलएफही नाही.

एफ-१ वाल्यांसाठी

दोन वाटा आहेत. अमेरिकेतल्या खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सहकर्जदार मागतात. त्याच्या पगारपावत्या, डब्ल्यू-२ आणि पतगुणांक लागतात. काका-मामाला सही मागण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या की हप्ता चुकला तर वसुली त्यांच्याकडून होते आणि त्यांचं घरकर्जही त्यामुळे अडू शकतं.

दुसरी वाट म्हणजे भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही, त्यावर लागते. परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांवरच्या कर्जात १५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. अमेरिकेच्या खर्चापुढे साडेसात लाख म्हणजे किरकोळ, त्यामुळे तारण आलंच. प्रवेशपत्र, फीचा तपशील, दहावी ते पदवीच्या गुणपत्रिका, विद्यार्थी आणि पालक दोघांचे पॅन आणि आधार, पालकांचे फॉर्म १६ किंवा प्राप्तिकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे एवढं तर लागतंच. वेळ खाते ती मालमत्ता. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि ना-हरकत पत्र, मालमत्ताकराची पावती. मग बँकेचा वकील शोध अहवाल काढतो आणि मूल्यांकनकार घर बघून जातो. आजोबांच्या नावचं घर वारसनोंद न करता तसंच राहिलं असेल तर काम तिथेच थांबतं. शेतजमिनीचा सातबारा घेऊन जाणाऱ्यांना बँका सहसा परत पाठवतात. म्हणून प्रवेशपत्राची वाट न बघता मालमत्तेचे कागद आधी लावून ठेवा.

मंजुरीपत्र आय-२० साठी (व्हिसाला लागणारं विद्यापीठाचं पत्र) निधीचा पुरावा म्हणून चालतं. पुढे सेव्हिस या विद्यार्थीनोंदणीचे ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर खिशातून. शिकल्यावर मिळणारी बारा महिन्यांची ओपीटी (नोकरीची तात्पुरती परवानगी) फेलोशिपच्या ३६ आठवड्यांना पुरते, पण त्यापुढचं सगळं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या भरवशावर. तारण ठेवायचं घर आईवडिलांचं राहतं असेल, तर हप्ता भारतातल्या पगारातून झेपेल का हा हिशेब मांडल्याशिवाय सही करू नये. तो जमत नसेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा म्हैसूरच्या वाक्‌-श्रवण संस्थेत मास्टर्स करणं हा काही कमीपणा नाही.

कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्षाने सुरू होते. भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट विद्यापीठाला पाठवलेल्या पैशांवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत, म्हणून फी स्वतःच्या खात्यातून पाठवून नंतर बँकेकडून वळती करून घेण्याच्या भानगडीत पडू नका.