चौथी स्टेज आणि दोन सायकलनंतरचा स्कॅन

रिपोर्टवर ‘स्टेज चार’ वाचलं की घरातली माणसं मटकन खाली बसतात. फुप्फुसाच्या किंवा जठराच्या कर्करोगात ही भीती बहुधा खरी असते. लिम्फोमाचं गणित मात्र वेगळं आहे. विशेषतः हॉजकिन लिम्फोमाचे चौथ्या स्टेजमधले कितीतरी रुग्ण पूर्ण बरे होतात. पायाला जखम झाली की जांघेत जे अवधाण येतं, त्याच लसीकाग्रंथींचा हा कर्करोग. ज्या पांढऱ्या पेशींपासून तो होतो, त्यांचं कामच मुळी अंगभर फिरण्याचं. त्यामुळे तो लांबवर पोचलेला दिसला तर त्यात नवल नाही, आणि औषधही रक्तातून तिथवर पोचतंच.

स्टेज ठरवण्याची आजची पद्धत 1971 साली अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथल्या परिषदेत ठरली. गाठी एकाच भागात असतील तर पहिली स्टेज. श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, एकाच बाजूला, पण दोन किंवा जास्त भागांत असतील तर दुसरी, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरी. यकृत, अस्थिमज्जा अशा अवयवांत रोग पसरला असेल तर चौथी. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या काळी पोटात डोकवायचं कसं? हॉजकिनच्या अनेक रुग्णांचं पोट उघडून प्लीहा काढत, यकृताचा आणि ग्रंथींचा तुकडा घेत. उपचारासाठी नव्हे, फक्त रोग कुठवर गेलाय ते कळावं म्हणून! वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींनी हे सोसलंय.

आज तेच काम पेट-सीटी नावाचा स्कॅन करतो. एफडीजी नावाची, ग्लुकोजसारखी दिसणारी साखर शिरेतून देतात. तिला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं. भुकेली पेशी ती ग्लुकोज समजून आत ओढते, पहिली प्रक्रिया करते आणि पुढे अडते. साखर पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही. तिथून निघणारे किरण यंत्र टिपतं आणि सीटीच्या चित्रावर तो भाग उजळतो.

ही साखर साठवून ठेवता येत नाही. फ्लोरिन-18 चा किरणोत्सार दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. 1976 साली पहिल्यांदा माणसाला एफडीजी दिलं, तेव्हा ते न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवून विमानाने फिलाडेल्फियाला न्यावं लागलं होतं. भारतात 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये फ्लोरिन-18 सारखे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, म्हणजे वैद्यकीय सायक्लोट्रॉन, आणि पेट स्कॅनर आला.

इंजेक्शननंतर तासभर रुग्णाला एका शांत खोलीत झोपवतात. बोलायचं नाही, मोबाइल नाही, अंगावर ब्लँकेट. नातेवाइकांना हे उगीचचं वाटतं. पण बोललं की घशाचे स्नायू साखर खातात. थंडी वाजली की मानेजवळची आणि गळपट्टीच्या हाडामागची तपकिरी चरबी उष्णतेसाठी पेटून उठते. लिम्फोमाच्या गाठीही नेमक्या तिथेच येतात! एवढ्याशा ब्लँकेटने चुकीचं निदान टळू शकतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसरा स्कॅन, केमोच्या दोन सायकल, म्हणजे औषधाच्या दोन फेऱ्या, झाल्यावरचा. गाठ अजून हाताला लागत असते, सीटीवरही दिसते. पण ती जिवंत आहे की नुसता मेलेला राडारोडा उरलाय, हे पेटच सांगतो. हे वाचायची रीत 2009 साली फ्रान्समधल्या दोव्हिल गावी ठरली. गाठीची चमक रुग्णाच्या स्वतःच्याच यकृताशी ताडून पाहायची आणि 1 ते 5 गुण द्यायचे. यकृताइतकी किंवा कमी असेल तर 1 ते 3, म्हणजे सहसा चांगली बातमी. यकृतापेक्षा जास्त असेल तर 4, खूपच जास्त किंवा नवी गाठ असेल तर 5.

याचं वजन किती, ते हॉजकिनच्या वाढलेल्या रोगाच्या 260 रुग्णांवरच्या अभ्यासाने 2007 साली दाखवलं. दुसऱ्या सायकलनंतर स्कॅन विझलेला, म्हणजे गाठींची चमक गेलेली, असणाऱ्यांपैकी 95 टक्के रुग्णांचा रोग दोन वर्षांनीही ताब्यात होता. स्कॅन पेटलेलाच राहिला त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम 13 टक्के होतं. सुरुवातीच्या स्टेजपेक्षाही हा स्कॅन जास्त बोलका ठरला.

मग या माहितीचं करायचं काय? हॉजकिनच्या रुग्णांवरच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘राथल’ चाचणीत स्कॅन विझलेल्यांपैकी निम्म्यांचं ब्लिओमायसिन हे केमोतलं एक औषध बंद केलं. या औषधाने फुप्फुसं खराब होऊ शकतात. तीन वर्षांनी रोग उलटला किंवा वाढला नाही असे रुग्ण औषध चालू असलेल्या गटात 85.7 टक्के होते, बंद केलेल्या गटात 84.4. फरक नगण्य, फुप्फुसांचा त्रास मात्र कमी. स्कॅन पेटलेल्यांना जास्त कडक केमो दिली आणि त्यांच्यातही तीन वर्षांचा हा आकडा 67.5 टक्क्यांवर गेला.

लिम्फोमाच्या इतर प्रकारांत, उदाहरणार्थ मोठ्या बी-पेशींच्या (बी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आक्रमक लिम्फोमात, मधल्या स्कॅनचा अंदाज इतका पक्का नसतो. तिथे आता सुरुवातीच्या स्कॅनवरून रोगाचं एकूण आकारमान मोजून धोका ठरवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, टीबीची. टीबीच्या गाठीही पेटवर तितक्याच झळाळतात आणि मानेतली टीबीची गाठ आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. म्हणून आधी तुकडा काढून तपासायचा, मग स्कॅन. उपचारानंतर अचानक नवा ठिपका दिसला तरी पुन्हा तुकडाच.

उपचार संपल्यावरच्या स्कॅनची घाई करू नये. केमोनंतर सहा ते आठ आठवडे, रेडिएशननंतर तीन महिने थांबावं, नाहीतर बरी होत असलेली सूजच रोगासारखी चमकते. शक्यतो त्याच यंत्रावर स्कॅन करावा, आणि पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवावी. रिपोर्टचा कागद पुरत नाही, कारण डॉक्टरांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहायची असतात.