मेल पाठवणारी लायब्ररी: वाट कधी बदलायची, कधी थांबायचं

म्हापशातल्या पतसंस्थेचं खातेपत्रक, कळंगुटच्या हॉटेलची बुकिंग-पावती आणि फोंड्याजवळच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पंप बंद पडल्याची सूचना, हे सगळं ईमेलने जातं तेव्हा पाठवण्याचं काम मूळ प्रोग्राम स्वतः करत नाही. तो ते एखाद्या लायब्ररीवर सोपवतो. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कोड. अशा कित्येक लायब्ररी वीसेक वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिल्या गेल्या आणि अजूनही चालतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना दोन गोष्टी येत नाहीत: सर्व्हरशी चाललेलं बोलणं एन्क्रिप्ट करणं, म्हणजे टीएलएस, आणि इंटरनेटचे नवे लांब पत्ते वापरणं, म्हणजे आयपीव्ही६.

कागदावर ही दोन वेगळी कामं आहेत. कोडमध्ये मात्र दोन्ही एकाच जागी येतात, सर्व्हरशी जोडणी करणाऱ्या फंक्शनमध्ये. आणि तिथे दोघांचे स्वभाव उलटे आहेत. पत्त्यांच्या बाबतीत एक वाट बंद असेल तर दुसरी धरायची असते. एन्क्रिप्शनच्या बाबतीत दुसरी वाट धरली की घात होतो. जुनी लायब्ररी नवी करताना सर्वांत महागात पडते ती या दोहोंची सरमिसळ.

आधी मूळ संवाद पाहू. मेल पाठवण्याची भाषा, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लेखी मांडली. दोन यंत्रांमधली ही साधी प्रश्नोत्तरं आहेत. जोडणी होताच सर्व्हर २२० हा आकडा पाठवतो. आपण ‘ईएचएलओ’ म्हणून आपलं नाव सांगतो. सर्व्हर २५० ने सुरू होणाऱ्या काही ओळींत आपल्याला काय काय येतं ते कळवतो. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, ‘डेटा’ ही आज्ञा, तिला ३५४ असं उत्तर, मजकूर, आणि शेवटच्या ओळीवर एकटं टिंब. त्यावर २५० आलं की मेल स्वीकारला गेला. मूळ रूपात हे सगळं उघड्यावर चालतं, पासवर्डसुद्धा. ‘ऑथ प्लेन’ या पद्धतीत पासवर्ड बेस६४ मध्ये जातो म्हणून अगम्य दिसतो, पण बेस६४ ही नुसती लिहिण्याची रीत आहे. तिला किल्ली नसते, कुठल्याही संगणकावर एका आज्ञेत ती उलटते. हॉटेलच्या लॉबीतल्या वायफायवर कोणी वाहतूक न्याहाळत बसला असेल, तर मेल खात्याचा पासवर्ड त्याच्या हाती आयता पडतो.

टीएलएस लावायच्या दोन रीती आहेत. पहिलीत ४६५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जोडणी होताच, एसएमटीपीचा एकही शब्द उच्चारण्याआधी, टीएलएस सुरू होतं. दुसरीत ५८७ वर साधी जोडणी होते, सर्व्हर आपल्या यादीत ‘स्टार्टटीएलएस’ हा शब्द देतो, आपण तो उच्चारतो, सर्व्हर २२० म्हणतो आणि तिथून पुढे एन्क्रिप्शन लागू होतं. ही दुसरी रीत १९९९ साली ठरली, २००२ मध्ये सुधारली गेली आणि बरीच वर्षं तीच योग्य मानली जात होती. २०१८ च्या शिफारशीने मात्र ४६५ ला पुन्हा मान दिला. लायब्ररीत दोन्ही असाव्यात, पण वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर ४६५ घ्यावा, कारण त्यात उघड्यावरचा भाग शिल्लकच राहत नाही.

‘स्टार्टटीएलएस’मधला तो उघडा भाग किती नाजूक आहे ते जवळून पाहण्यासारखं आहे. वाटेत बसलेला माणूस सर्व्हरच्या यादीतून तो एक शब्द खोडू शकतो. काही फायरवॉलही तो शब्द एक्सच्या रांगेने झाकून टाकत असत. मग लायब्ररीला वाटतं, या सर्व्हरला टीएलएस येत नाही. ‘जमलं तर टीएलएस, नाहीतर साधं’ असा पर्याय जिथे मुळातच ठरलेला असतो तिथे ती मुकाट्याने पासवर्ड उघड्यावर पाठवते, मेल पोचतो आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून पासवर्ड पाठवायचा असेल तेव्हा टीएलएस नाही तर जोडणी नाही, असाच नियम हवा.

दुसरा दोष याहून बारीक आहे. नेटवर्कवरून येणारे बाइट लायब्ररी एका बफरमध्ये साठवते आणि तिथून एकेक ओळ काढते. ‘स्टार्टटीएलएस’ला २२० हे उत्तर येतं, त्याच पाकिटात हल्लेखोराने पुढे आणखी एक ओळ चिकटवली तर? लायब्ररी पहिली ओळ वाचते, टीएलएस सुरू करते, आणि मग बफरमध्ये उरलेली ओळ सुरक्षित मार्गाने आली असं समजून वाचते. सर्व्हरच्या बाजूची हीच फट पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचे कर्ते वीत्से वेनेमा यांनी २०११ मध्ये उघड केली. दहा वर्षांनी जर्मन संशोधकांनी मेल प्रोग्राम आणि सर्व्हरांमध्ये या जातीचे चाळीसहून अधिक दोष दाखवले. उपाय दोन ओळींचा आहे. २२० वाचल्यावर बफरमध्ये एकही बाइट शिल्लक असेल तर जोडणी तोडायची. आणि टीएलएस लागल्यावर आधीची यादी विसरून ‘ईएचएलओ’ नव्याने म्हणायचं.

आता प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरने दाखवायचं ओळखपत्र. एन्क्रिप्शन कुणाशी होतंय हे तपासलं नाही तर ते हल्लेखोराशीही बिनबोभाट होतं. तपासायच्या गोष्टी तीन: सही विश्वासातल्या संस्थेपर्यंत पोचते का, तारीख चालू आहे का, आणि प्रमाणपत्रावरचं नाव आपल्याला हव्या त्या सर्व्हरचंच आहे का. टीएलएससाठी ओपनएसएसएल ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की क्लायंटसाठी तिथे तपासणी आपोआप चालू नसते, ‘व्हेरिफाय पीअर’ ही खूण आपण लावावी लागते. नावाची तपासणी तर त्याहून वेगळी, ‘एसएसएल सेट१ होस्ट’ला नाव द्यावं लागतं. सर्व्हरने कोणतं प्रमाणपत्र दाखवायचं हे ठरवण्यासाठी पाठवायचं नाव, म्हणजे एसएनआय, तेही वेगळं. या दोन्ही ठिकाणी नाव जायला हवं, आणि ते वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये लिहिलेलंच. जुन्या लायब्ररीत नेमकी इथे अडचण येते. तिच्या जोडणीच्या फंक्शनला फक्त आकडी पत्ता मिळतो, नाव मागेच गळालेलं असतं. ते नाव शेवटपर्यंत नेणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत आवश्यक बदल आहे. आवृत्ती किमान टीएलएस १.२ ठेवावी. १.० आणि १.१ या २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाल्या.

तपासणी लागली की तक्रारी सुरू होतात. त्यातली एक आपल्याकडे हटकून येते. पावसाळ्यात वीज जाते आणि येते. कुळागरातल्या छोट्या बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसेल तर तो जागा होतो तेव्हा त्याची तारीख जुनी असते. सर्व्हरचं प्रमाणपत्र मग त्याला ‘अजून लागू न झालेलं’ दिसतं आणि पंप बंद पडल्याची सूचना, जी तेव्हाच जायला हवी, अडकते. इंटरनेटवर शोधलं तर तपासणी बंद करायचा सल्ला पहिल्या पाच मिनिटांत मिळतो. तो ऐकू नये. आधी एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, वेळ मिळवायची, ती मिळेपर्यंत मेल रांगेत ठेवायचा, किंवा बॅटरीवर चालणारं घड्याळ जोडायचं. लायब्ररीनेही चूक कळवणाऱ्या संदेशात ‘टीएलएस अयशस्वी’ एवढंच न लिहिता प्रमाणपत्राची तारीख आणि यंत्राची तारीख शेजारी शेजारी छापावी. मग अडचणीचं कारण पाहताक्षणी कळतं.

आयपीव्ही६ कडे वळू. जुना पत्ता ३२ बिटांचा, एकूण सुमारे ४३० कोटी. नवा १२८ बिटांचा. भारतात मोबाइल नेटवर्कमुळे आयपीव्ही६ चा वापर जगातल्या पुढच्या देशांइतका आहे, त्यामुळे हे काम उद्यावर टाकण्यासारखं नाही. कोडमध्ये नावावरून पत्ता शोधणारं ‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन काढून ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ घालायचं. पत्ता साठवायची जुनी रचना १६ बाइटांची, नवी २८ बाइटांची, म्हणून जागा राखताना दोन्ही मावतील अशी १२८ बाइटांची ‘सॉकअ‍ॅड्र स्टोरेज’ घ्यावी. पत्ता अक्षरांत छापायला पूर्वी १६ बाइट पुरत, आता ४६ लागतात. ही एक संख्या बदलायची राहिली तर शेजारची मेमरी तुडवली जाते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. सेटिंगमधलं ‘नाव:पोर्ट’ पहिल्या कोलनवर (:) तोडणारा कोडही मोडतो, कारण नव्या पत्त्यात ती चिन्हं मुळातच असतात. पत्ता चौकटी कंसात घ्यायचा: [::1]:587 हे ठीक, ::1:587 म्हणजे नेमकं काय हे ठरवताच येत नाही.

‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ एकाच नावासाठी अनेक पत्ते देतं आणि बहुधा आयपीव्ही६ चे आधी. मांडवीवर पणजीपाशी तीन पूल आहेत, एक अडला तर दुसऱ्याने जाता येतं, तशी ही यादी वापरायची. पण एकामागून एक धीराने पाहत बसलात तर भलताच उशीर होतो. राउटर आयपीव्ही६ पत्ता देतो आणि पुढची वाट मात्र बंद, हे घरोघरी दिसतं. अशा वेळी नकार येत नाही, नुसती शांतता असते. लिनक्स आपल्या ठरलेल्या सेटिंगने एका मुक्या पत्त्यासाठी सुमारे १२७ सेकंद थांबतं. तीन मुके पत्ते म्हणजे सहा मिनिटांवर वेळ गेला. त्यामुळे ‘हॅपी आयबॉल्स’ नावाची रीत वापरतात: पहिला प्रयत्न सुरू करायचा, २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही तर तो न सोडता दुसरा सुरू करायचा, ज्याची जोडणी आधी होईल तो ठेवायचा, बाकीचे बंद.

ही शर्यत कुठे संपते हे कोडमध्ये स्पष्ट दिसायला हवं. ती टीसीपी जोडणीपाशी, म्हणजे टीएलएस सुरू होण्याआधीच्या साध्या जोडणीपाशी, संपते. त्यानंतर प्रमाणपत्र चुकीचं निघालं आणि तोच ‘पुढचा पत्ता पाहा’ लूप पुढे गेला, तर तपासणी ढिली झालेली नसली तरी दोष झाकला जातो, आणि यादीच्या शेवटी कुणी जुना साधा पोर्ट ठेवला असेल तर सगळंच उघड्यावर येतं. दुसरी सीमा टिंबापाशी आहे. मजकुरानंतरचं टिंब पाठवलं आणि २५० येण्याआधी जोडणी तुटली, तर मेल गेला की नाही हे लायब्ररीला कळूच शकत नाही. आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा पाठवलं तर पतसंस्थेच्या सभासदाला एकच पत्रक दोनदा जातं. म्हणून निकाल तीन हवेत: गेला, गेला नाही, अनिश्चित. या टिंबानंतर दहा मिनिटं थांबावं असं नियमच सांगतो. पुन्हा पाठवायचं झालं तर मेसेज-आयडी, म्हणजे मेलची ओळखखूण, तीच ठेवावी.

टीएलएस लावल्यावर काही लायब्ररी मधेच गोठतात. एरवी सगळं बरोबर असतं. कारण असं की जुना कोड ‘सिलेक्ट’ या फंक्शनला विचारतो, सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या आपल्या टोकावर, काही आलंय का? टीएलएसमध्ये एका रेकॉर्डमध्ये, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या एका तुकड्यात, १६,३८४ बाइटांपर्यंत मजकूर येतो. ‘ईएचएलओ’चं सगळं उत्तर एकाच रेकॉर्डमध्ये आलं, लायब्ररीने एक ओळ वाचली, उरलेल्या ओळी ओपनएसएसएलच्या पोटात. सॉकेट रिकामं असतं, ‘सिलेक्ट’ वाट पाहत राहतं. आधी ‘एसएसएल पेंडिंग’ला विचारावं, तिथे शून्य असेल तरच ‘सिलेक्ट’कडे जावं. टीएलएस १.३ मध्ये उलटंही होतं: सर्व्हर हस्तांदोलनानंतर, म्हणजे टीएलएसची सुरुवातीची बोलणी संपल्यावर, स्वतःहून सेशन तिकिटं पाठवतो, सॉकेट भरलेलं दिसतं, पण वाचायला गेलं की एसएमटीपीचं काहीच हाती येत नाही. तो दोष समजू नये, पुन्हा वाट पाहावी.

देवनागरी पत्त्यांचंही इथेच पाहून घ्यावं. ‘.भारत’ या डोमेनची नोंदणी २०१४ पासून खुली आहे. @ च्या उजवीकडचा भाग प्युनीकोडमध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षरांच्या रूपात, बदलता येतो, आणि प्रमाणपत्राशी जुळवतानाही त्याच रूपात जुळवायचा. डावीकडचं नाव मात्र बदलता येत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या यादीत २०१२ च्या नियमातला ‘एसएमटीपी यूटीएफ८’ हा शब्द हवा. नसेल तर मेल न पाठवता तसं कळवायचं.

चाचणीसाठी स्वतःची प्रमाणपत्र-संस्था बनवून पाच सर्व्हर उभे करावेत: मुदत संपलेला, नाव चुकलेला, अनोळखी सहीचा, ‘स्टार्टटीएलएस’ लपवणारा आणि २२० नंतर जास्तीची ओळ चिकटवणारा. पाचही ठिकाणी लायब्ररीने थांबायला हवं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘ऑथ’ हा शब्द एकदाही दिसता कामा नये. सहावा सर्व्हर पूर्ण बरोबर ठेवावा, पण त्याच्या नावाला आधी एक मुका आयपीव्ही६ पत्ता जोडावा. तिथे मेल सेकंदाभरात गेला पाहिजे.